सोललेल्या फोडी

४ ऑक्टोबर

वन्सं,

नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला घालतात म्हणून घातला. मनापासून घातलेला नाही, तेव्हा उलट नमस्काराची तसदी घेऊ नका.

तुमचं पार्सल मिळालं. स्लो कुकर धड आहे, काचेच्या झाकणाला तडा नाही. डोकं माझं तडकलं, आतली चिठ्ठी वाचून. "आता तरी आईला तिच्याच स्वयंपाकघरात पाऊल टाकू देशील अशी आशा आहे." चिठ्ठी तुम्ही अगदी वर ठेवली होतीत. खोकं आईंनी उघडलं असतं तर ती पहिल्यांदा त्यांच्याच हाती पडली असती. की तसंच व्हावं म्हणून ठेवली होती?

हे फोनवरही बोलता आलं असतं. पण फोनवर तुम्ही मला एक वाक्य पुरं करू देत नाही, आणि आई शेजारी बसून दोन्हीकडचं ऐकत असतात. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

हो, आईंना गॅसला हात लावू नका असं मीच सांगितलं. का सांगितलं ते तुम्ही विचारलं नाहीत. एके दिवशी मी पडद्यांच्या दुकानातलं शिवणकाम आटोपून घरी येत होते, तर जळल्याचा वास खालच्या जिन्यापर्यंत आला होता. शेजारच्या बाई दारात उभ्या. आत पाहते तर दुधाचं पातेलं काळं ठिक्कर, आणि आई शेगडीकडे पाठ करून टेबलाशी शांतपणे वाटाणे सोलत बसलेल्या. मी म्हटलं, "आई, अहो वास नाही का आला?" तर म्हणाल्या, "कसला?" मग माझं तोंड बघून म्हणाल्या, "खिडकी उघडी होती ना."

तेव्हापासून कामावर जाताना मी गॅस खालून बंद करून जाते. मी त्यांना कोंडून ठेवलेलं नाही. मला घरी आल्यावर त्या जिवंत सापडायला हव्यात, एवढंच.

तुमची वहिनी

१२ ऑक्टोबर

वहिनी,

तुझा नमस्कार पोचला. ठेवून घेतला आहे, कधीतरी कामाला येईल.

दूध कुणाकडून जळत नाही? माझ्याकडून परवाच जळलं. म्हणून माझ्या घरात कुणी गॅस बंद करून निघून जात नाही. आईनं आयुष्यभर मुलींच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर चालवलं. एवढाली पातेली! चमचा कधी तोंडाला लावला नाही तिनं. झाकण उचलायचं, नाक पुढे करायचं आणि म्हणायचं, "मीठ घाला" किंवा "उतरवा." अख्ख्या वसतिगृहात त्या नाकाचा दरारा होता. अशा बाईला तू वाटाणे सोलायला बसवलंस आणि वर मला सांगतेस की ती जिवंत आहे.

म्हणूनच हा विजेवरचा कुकर पाठवला. त्यात काही जळत नाही, काही उतू जात नाही. सकाळी लावावा, संध्याकाळी खावं. तिला तिची गरम फळं करू दे. आम्ही लहान असताना थंडीत करायची, शेगडीच्या कोपऱ्यावर दिवसभर ठेवून. कृती तिला पाठ आहे, तरी तुझ्यासाठी लिहिते, म्हणजे तू मध्ये लुडबूड करणार नाहीस. सफरचंदं, नासपती आणि आलुबुखार जाड चिरायचे. साल काढायची नाही. आईच्या मते साल काढणं म्हणजे फळाचा अपमान, आणि सालीशिवाय त्याचा लगदा होतो. मूठभर मनुका, दालचिनीचा तुकडा, तीन-चार लवंगा, किसलेलं जायफळ, थोडी साखर, वर संत्र्याचा रस. मंद आचेवर ठेवायचं आणि झाकण उघडायचं नाही. उघडलं की आतली सगळी ऊब जाते आणि शिजणं लांबतं.

एवढं जमेल ना? की त्याचंही बटण तू बंद करून जाणार आहेस?

वन्सं

२७ ऑक्टोबर

वन्सं,

बटण चालू आहे. कुकर रोज लागतो. आई सकाळी उठल्या उठल्या फळं चिरायला बसतात. तुम्हाला बरं वाटावं म्हणून हे आधी लिहिलं. आता पुढचं वाचा, आणि कृपा करून नीट वाचा.

झाकण उघडायचं नाही, हे आईंना तुम्हीच सांगून बघा. मी सुट्टीच्या दिवशी घरी असते तेव्हा पाहते. जाता-येता झाकण उचलतात. भांड्यावर वाकतात, चष्म्यावर वाफ जमते, तरी तशाच उभ्या राहतात. मग मसाल्याचा डबा काढून आणखी लवंगा टाकतात. थोड्या वेळानं पुन्हा तेच. मी विचारलं, "आई, किती घातल्या?" तर म्हणाल्या, "माझ्या हाताला माहीत आहे. तुझी शिलाई मी तपासते का?"

पहिल्या दिवशी तुमच्या भावानं पहिला घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आईंना वाटलं, लहानपण आठवलं. लवंग होती ती. पण तुमच्या भावानं वाटी संपवली. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, घरातही तसाच. ज्या मजल्यावरून बटण दाबलं जाईल तिथे जाऊन उभा राहतो.

आणि सालीचं मला शिकवू नका. तुमच्या भावाच्या दातात साल अडकते. लग्न झाल्यापासून माझ्या हातून न सोललेलं फळ या घरात शिजलेलं नाही. आईंनी त्यांच्या भांड्यात काय करायचं ते करावं.

आई सध्या खूष आहेत. त्या खूष राहाव्यात म्हणून काय करावं लागतं ते मी बघते आहे. ते तुम्ही न विचारलेलं बरं.

तुमची वहिनी

६ नोव्हेंबर

वहिनी,

आईचं सुखही तुला तक्रारीशिवाय लिहिता येत नाही. लवंग जास्त झाली, वाफ जास्त झाली! मुळात तिच्या हातची चव तुला सोसत नाही, हे मला पहिल्यापासून माहीत आहे.

आता कामाचं. वाचनालयासमोरचा कोपऱ्यावरचा गाळा मला मिळाला. न्याहारीचं दुकान काढते आहे. सकाळी गरम दूध, पाव, अंडी, आणि काउंटरवर मोठा स्लो कुकर. थंडी पडायला लागली आहे. वाचनालयात येणारी माणसं दार उघडायच्या आधीपासून बाहेर हात चोळत उभी असतात, ती सगळी आत येतील. पाटीसुद्धा रंगवून झाली. "आईच्या हातची गरम फळं."

आईला मी घेऊन जाणार आहे. तिची खोली तयार आहे, खिडकीतून रस्ता दिसतो. तिथे कुणी तिला चोरासारखं वागवणार नाही. तिचं सामान बांधून ठेव.

वन्सं

१० नोव्हेंबर

वन्सं,

आईंना मी पाठवणार नाही.

राग आला ना? येऊ दे. आता बसा आणि हे पत्र संपेपर्यंत उठू नका.

आईंचं नाक गेलं आहे. सर्दीनं चोंदलेलं नाही, गेलंच आहे. उन्हाळ्यात तो ताप आला होता, त्यानंतर परत आलंच नाही. दूध पाठीमागे जळत होतं आणि त्यांना पत्ता नव्हता, तेव्हाच मला शंका आली. मग मी एकदा त्यांच्या उशाशी कापराची डबी उघडून ठेवली. त्यांनी ती सरकवून तिथे चष्मा ठेवला. झाकण उघडून त्या वास शोधतात, वन्सं. येत नाही. मग त्यांना वाटतं, मसाला कमी पडला. म्हणून पुन्हा लवंगा. त्या भांड्यातलं फळ माणसाला गिळता येत नाही.

त्या हे कुणालाच सांगत नाहीत, आणि मी त्यांना विचारत नाही. ज्या बाईच्या नाकाचा दरारा होता तिला सुनेनं कसं विचारायचं? तुम्ही सांगा.

मी काय करते ते ऐका. संध्याकाळी मी कामावरून आले की आईंना खाली बाकावर बसायला पाठवते. त्या गेल्या की घाईघाईनं फळं सोलते, चिरते, गॅसवर शिजवते, आणि आईंचं भांडं रिकामं करून त्यात माझं ओतते. आईंचं पिशवीत भरून ठेवते आणि सकाळी कामावर जाताना दोन गल्ल्या सोडून टाकते, म्हणजे त्यांच्या नजरेला पडू नये. त्या वर येतात, झाकण उघडतात, आम्ही सगळे खातो आणि म्हणतो, "वा!" दिवसभर शिवून माझी बोटं दुखत असतात, तरी हे मी रोज करते.

तुमच्या दुकानात हे कोण करणार? अनोळखी गिऱ्हाइकं "वा" म्हणणार आहेत का? आणि एक विचारते. तुम्हाला आई हव्या आहेत की पाटीखाली बसवायला आईंचे हात हवे आहेत?

तुमची वहिनी

१४ नोव्हेंबर

वहिनी,

शाबास. आईला अडकवून ठेवायला इतकी मोठी गोष्ट रचशील असं वाटलं नव्हतं.

मी आईला फोन केला. सरळ विचारलं, "आई, तुला वास येतो ना?" ती म्हणाली, "न यायला काय झालं?" विचारलं, "फळं कशी होतात?" म्हणाली, "सगळे बोटं चाटतात." आणि विचारलं, "माझ्याकडे येतेस?" म्हणाली, "तुला गरज असेल तर येते." ऐकलंस? तू तिला काय बनवून ठेवलं आहेस ते मला कळलं. घर सांभाळायला आणि पार्सलं घ्यायला फुकटचं माणूस, आणि वरून तिच्या हातचं उकिरड्यावर टाकतेस, हे तू स्वतः लिहिलं आहेस! ते वाचून माझं डोकं फिरलं.

शनिवारी येते. तू कामावर असशील तेव्हाच येते, म्हणजे तुझं तोंड बघावं लागणार नाही.

वन्सं

१ डिसेंबर

वहिनी,

तुला आनंद व्हावा म्हणून लिहीत नाही. राग कुठेतरी काढायचा आहे म्हणून लिहिते आहे.

दुकान उघडलं. आई पहाटेपासून नवी साडी नेसून काउंटरमागे बसली होती. मी अंडी-पावाच्या गडबडीत होते, भांड्याकडे बघायला वेळ झाला नाही. आणि बघायचं कशाला, आईचं भांडं! वाचनालयातले वयस्कर गृहस्थ पहिले आत आले. पाटी वाचून हसले, वाटी घेतली, पहिला चमचा तोंडात घातला आणि तसेच थांबले. मग खिडकीबाहेर बघत रुमाल काढला. त्यांच्यामागच्या दोघींनी वाट्या तशाच ठेवल्या. एक जण तर मोठ्यानं म्हणाला, "हे दातदुखीचं औषध आहे का?" लोक हसले. मी चमचाभर चाखलं. जीभ बधिर झाली.

आई हे सगळं बघत होती. उठून मागच्या खोलीत गेली. त्या दिवसापासून ती भांड्याजवळ फिरकलेली नाही. मांडीवर हात ठेवून खिडकीशी बसते. मी तव्यावर पाव मुद्दाम जाळला, तिच्या पाठीमागे. तिनं मान वळवली नाही.

तू म्हणशील, मी सांगितलं होतं. सांगितलंस, पण कसं? लवंगेच्या तक्रारी, दातातली साल, मध्येच टोमणे, आणि त्याच्या तळाशी ही एवढी गोष्ट. जे पत्र भांडायला लिहिलेलं असतं त्यातलं खरं कुणी खरं मानतं का? चारचौघांत माझ्या आईचं हसं झालं. तू रात्रंदिवस तिच्याजवळ असून ते थांबवू शकली नाहीस.

पाटी अजून तशीच आहे. काढायला हात उठत नाही.

वन्सं

५ डिसेंबर

वन्सं,

मला आनंद झाला नाही. तुम्हाला तसं वाटलं याचाच जास्त राग आला.

मी थांबवू शकले नाही? मी दारात आडवं पडायला हवं होतं का? तुम्ही मी कामावर असताना आलात. तुमच्या भावानं आईंची बॅग स्वतः खाली नेऊन दिली, कारण बहिणीनं बटण दाबलं होतं. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी धड बोललेले नाही.

आणि तुम्ही खात्री करायला फोन कुणाला केलात? आईंनाच! आयुष्यभर नाकाच्या जोरावर मान ताठ ठेवलेली बाई फोनवर मुलीला म्हणेल का, "हो ग, गेलं माझं नाक"? एवढी अक्कल तुम्हाला असायला हवी होती. त्यांना शरमेनं कोपऱ्यात बसायला लागू नये म्हणून मी दोन-दोनदा रांधत होते. ते तुम्ही एका सकाळीत मातीत घातलंत.

त्यांना परत पाठवा. इथे कुणी झाकण उघडत नाही. काल मी सवयीनं फळं सोलली, शिजवली आणि कुकरमध्ये ओतली. खायला कुणी नव्हतं. तुमचे भाऊ दोन वाट्या खाऊन "वा" म्हणाले, तेव्हा मी वाटी त्यांच्या हातातून काढून घेतली.

तुमची वहिनी

९ डिसेंबर

सूनबाईस,

हे पत्र तुझी सासू लिहिते आहे. माझ्या शेजारी माझी मुलगी बसली आहे, तिलाही वाचून दाखवणार आहे, म्हणजे दोनदा ओरडायला नको. तुम्हा दोघींची पत्रं मी वाचली. तुझी हिच्या कपाटात होती आणि हिची तू स्वयंपाकघराच्या खणात ठेवतेस, ती मी तिथेच वाचत होते. मला वाचता येतं. डोळे शाबूत आहेत.

माझं नाक गेलं. अक्कल गेलेली नाही. तुम्ही दोघी मला समजता काय?

सूनबाई, मी सकाळी फळं सालीसकट भांड्यात टाकते. संध्याकाळी बाकावरून वर येऊन झाकण उघडते तर आत सोललेल्या फोडी. मला काय वाटलं असेल? दिवसभर उकडून फळांनी अंगावरचे कपडे काढून ठेवले? तू पहिल्यांदा बदललंस त्याच दिवशी कळलं मला. सालीवरून लग्नापासून तुझ्याशी वाद घालते आहे, आणि तू बदली करताना तेवढी साल ठेवू शकली नाहीस!

मी बोलले नाही, कारण बोलले असते तर गॅस बंद केलास तसं ते भांडंही उचलून माळ्यावर टाकलं असतंस. मग मी सकाळी उठून काय केलं असतं? तेव्हा मी लवंगा टाकत राहिले आणि तू ओतत राहिलीस. मला भीती वाटत होती, ती कुणी विचारली नाही. एकीनं चोरून कापूर ठेवला, दुसरीनं फोनवर उलटतपासणी घेतली. जवळ बसून "आई, काय होतंय" असं एकीनंही म्हटलं नाही. याचा मला राग आला आहे, आणि तो लवकर जाणार नाही.

ही म्हणते, माहीत होतं तर दुकानात का लवंगा टाकल्यास? टाकल्या, कारण पाटीवर माझं नाव होतं आणि मला वाटलं, हाताला तरी आठवत असेल. नाही आठवलं. आता ते झालं. आज मी हिला स्टुलावर चढवून पाटी पुसून घेतली. तिथे "गरम फळं" एवढंच राहील. हिला माझी पद्धत येते, नाक चांगलं आहे, मसाला हिनं घालावा. त्या वयस्कर गृहस्थांना फुकट वाटी देऊन झाली आहे. त्यांनी संपवली.

मी घरी येणार आहे. न्यायला तू स्वतः ये, माझ्या मुलाला पाठवू नकोस. तो इथे आला की हिचं ऐकून एकटाच परत जाईल. त्याच्याशी बोलायला लाग, अबोला मला घरात नको. यापुढे फळं मी चिरणार, लवंगा तू टाकणार, आणि ते माझ्यासमोर. मला बाकावर हाकलून नाही.

आणखी एक. इतके दिवस तू ओतलेलं मी खाल्लं, त्यातलं मला काहीच लागत नव्हतं. लवंग नाही, दालचिनी नाही, कशाचा पत्ता नाही. नाक गेलं की जिभेला किंचित गोड तेवढं कळतं. बाकी तोंडात कळायचं ते एकच, की हे गरम आहे. रोज वाटायचं, दिवसभर मशीनवर वाकून ही आली आणि हिनं हे गरम करून दिलं. म्हणून वाटी पुसून खात होते. आणि तुम्ही दोघी चवीवरून एकमेकींचे केस उपटताय.

रविवारी ये. येताना माझी लोकरीची शाल आण, इथे खिडकीतून वारा येतो. साल काढायची सुरी मात्र घरातून बाहेर टाकून ये.

आई